शोधनिबंधाचे चित्र काढताना

“तुला चित्र काढता येतं ना? मग हे काम तुझं!”

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर भूगोलाच्या सरांनी मला बोलावून असे सांगितले, तेव्हा विभागाच्या भित्तिपत्रकाचे काही काम असावे असे मला वाटले. मथळे रंगवणे, नकाशे काढणे ही माझी शाळेपासूनची आवड. पण सरांनी माझ्यापुढे ठेवला तो एक इंग्रजी शोधनिबंध! त्याच्या शीर्षकातले निम्मे शब्द मला कळले नाहीत. उरलेले निम्मे मात्र चांगलेच ओळखीचे निघाले, कारण तो निबंध आमच्याच भागातल्या विहिरींच्या पाण्याविषयी होता. बावीस विहिरींचे नमुने सरांनी वर्षातून दोनदा घेतले होते, आणि त्यांतल्या काही बाटल्या भरून एस. टी.ने कॉलेजात आणण्याचे काम मीच केले होते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात, आई रोजाने शेतावर जाते. ‘रिसर्च’ हा शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत आणला तो मीच, आणि त्याचा अर्थ मलाही तेव्हा धड ठाऊक नव्हता. अशा मुलीवर हे काम येऊन पडले. ते करताना मी एकदा सपशेल चुकले. त्या चुकीतून जे शिकले ते येथे मांडते. हा विज्ञान शाखेचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणू नये. भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र या आपल्या विषयांतले निबंधही आता अशा नियतकालिकांकडे जातात. उद्या हे काम तुमच्याकडेही येईल.

चित्रसार म्हणजे काय?

प्रत्येक शोधनिबंधाच्या आरंभी एक गोषवारा असतो. प्रश्न काय होता, काय केले, काय आढळले, हे त्यात शेदोनशे शब्दांत सांगितलेले असते. अलीकडे अनेक नियतकालिके या शब्दांतल्या गोषवाऱ्याच्या जोडीला एक चित्रही मागतात. इंग्रजीत त्याला ‘ग्राफिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ असे नाव आहे. मी माझ्यापुरते त्याचे नाव ‘चित्रसार’ असे ठेवले.

निबंधातल्या इतर आकृत्यांहून हे चित्र वेगळे असते. आकृती क्रमांक तीन पाहायची तर निबंध उघडावा लागतो. चित्रसार मात्र अनुक्रमणिकेतच, शीर्षकाच्या शेजारी दिसते. ते पाहून वाचक ठरवतो की आत शिरायचे की पुढे जायचे. दुकानाच्या पाटीसारखेच हे आहे म्हणा ना! पाटीवर दूध लिहिले आणि आत ताक निघाले, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

या पाटीचे माप ठरलेले असते. एल्सेव्हिअर या नेदरलँड्समधील मोठ्या प्रकाशनसंस्थेची अट पाहा : चित्र किमान १३२८ पिक्सेल रुंद व ५३१ पिक्सेल उंच हवे, आणि पडद्यावर १३ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच एवढे झाले तरी ते वाचता आले पाहिजे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत तर सव्वातीन इंच गुणिले पावणेदोन इंच एवढीच जागा मिळते. आपले पोस्टकार्ड घ्या आणि दोनदा मधोमध दुमडा. साधारण तेवढ्या जागेत दोन वर्षांचे काम बसवायचे!

याचा उपयोग खरोखर होतो का, असे मी सरांना विचारले. त्यांनी सांगितले की याविषयी मतभेद आहेत. ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच लेख ट्विटरवर (म्हणजे आताच्या ‘एक्स’वर) एकदा नुसत्या शीर्षकासह आणि एकदा चित्रासह मांडून पाहिले होते. चित्रासह मांडलेले लेख सात पटींहून अधिक वेळा लोकांच्या डोळ्यांखालून गेले, आणि लेख उघडणारेही अडीच पटींहून अधिक झाले. उलट ‘मॉलिक्यूल्स’ या नियतकालिकातील लेखांची २०१६ साली पाहणी झाली, तेव्हा चित्रसार असलेल्या लेखांचा तसा काही फायदा झालेला दिसला नाही. म्हणजे चित्र असले की काम झाले, असे समजू नये.

चित्र आणि पुरावा

आकड्यांना चित्राचे रूप देण्याची रीत तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी दाखवले, तेथून आपल्या ओळखीच्या आलेखांची सुरुवात मानतात. पण सरांनी मला आधी वाचायला दिली ती डॉ. जॉन स्नो यांच्या नकाशाची हकिकत.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. स्नो यांनी घरोघरच्या मृत्यूंची नोंद घेतली. मृत्यू एका सार्वजनिक हातपंपाच्या आसपास दाटलेले होते. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात, की नकाशा पाहिला, सत्य उमगले आणि दांडा निघाला. प्रत्यक्षात क्रम वेगळा आहे. पटकी पाण्यातून पसरते हे मत स्नो यांनी १८४९ सालीच मांडले होते. १८५४ मध्ये त्यांनी आधी घरोघर चौकशी केली, मग दांडा निघाला, आणि तो प्रसिद्ध नकाशा छापून आला तो पुढल्या वर्षी. शिवाय दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, हेही स्नो यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

यातला बोध असा, की पुरावा पायाने गोळा करावा लागतो. चित्र तो डोळ्यांपुढे उभा करते. नसलेला पुरावा मात्र चित्राने निर्माण होत नाही. हे सारे मी वहीत नीट उतरवून घेतले, आणि मग घरी जाऊन नेमके याच्या उलट केले.

आमच्या विहिरींचा प्रश्न

आधी निबंधाविषयी थोडे सांगते. नायट्रेट हा नत्राचा एक क्षार. पिकाला तो हवाच असतो. पण तो पाण्यात सहज विरघळतो आणि मातीचे कण त्याला धरून ठेवू शकत नाहीत. त्यामुळे मुळांनी न घेतलेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीत पोचते. ते तीन वाटांनी येऊ शकते : युरियासारखी खते, गुरांचे शेण-मूत, आणि शौचालयांचे शोषखड्डे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याहून जास्त असले तर विशेषतः अगदी तान्ह्या बाळांना धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याने असे घडल्याचे डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली प्रथम दाखवून दिले.

सरांच्या निबंधाचे म्हणणे साधे होते. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यांपेक्षा पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांत, विशेषतः उथळ विहिरींत, नायट्रेट वाढलेले होते. ते उसाच्या शेतातल्या विहिरींत वाढले होते तसे गोठ्यांजवळच्या विहिरींतही वाढले होते. ते कोठून आले हे नक्की करायचे तर नत्राच्या समस्थानिकांची तपासणी करावी लागते. ती खर्चाची असते आणि आमच्याकडे झालेली नव्हती. तसे निबंधात स्पष्ट लिहिले होते. पण ते वाक्य शेवटून दुसऱ्या पानावर होते, आणि मी चित्र काढायला बसले तेव्हा ते माझ्या ध्यानातही नव्हते.

पहिले चित्र

सुट्टीत तीन रात्री बसून मी चित्र पुरे केले. डावीकडे शेतकरी युरियाची गोणी रिकामी करतो आहे. वर ढग, पाऊस. गोणीपासून निघालेला जाडजूड लाल बाण थेट विहिरीत घुसतो आहे. विहिरीच्या पाण्यावर कवटी आणि दोन हाडे. उजवीकडे घागर घेतलेली बाई, आणि तिच्या कडेवर रडणारे, निळे पडलेले बाळ. विहीर मी अगदी हुबेहूब काढली होती. काठावरचे वाकलेले उंबराचे झाडसुद्धा! खरे सांगायचे तर मी स्वतःवर खूष होते.

रात्री जेवणे झाल्यावर चित्र वडिलांपुढे धरले. त्यांनी ते दिव्याखाली नेले आणि बराच वेळ पाहिले.

“ही तर आपल्या नानांची हीर.”

“हो, पण ते महत्त्वाचं नाही, अण्णा. यात काय सांगितलंय ते बघा.”

“नानांच्या हिरीत कुणी औषध टाकलंय का काय?”

आमच्याकडे औषध म्हणजे कीटकनाशक. कवटीचे चित्र त्यांनी आजवर पाहिले होते ते औषधाच्या डब्यावर आणि विजेच्या डी. पी.वर. मी चिडून म्हटले, “औषध नाही, खत!”

“म्हंजे नानांच्या खतानं हे बाळ आजारी पडलं. कुणाचं बाळ हे?”

“कुणाचंच नाही. असंच काढलंय.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “आन् पाणी उकळून प्यालं तर?”

याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. मी चित्र गुंडाळून ठेवले. अण्णांना चित्र वाचता येत नाही, असे तेव्हा मनात आले. ते मनात आले हे आज लिहिताना शरम वाटते, पण आले होते हे खरे आहे.

सरांची पेन्सिल

सुट्टी संपल्यावर चित्र सरांना दाखवले. सरांनी वाईट म्हटले नाही, चांगलेही म्हटले नाही. माझ्या हाती पेन्सिल देऊन म्हणाले, “यातल्या प्रत्येक वस्तूपाशी थांब आणि सांग, हे आपण मोजलंय का? मोजलं असेल तर बरोबरची खूण कर, नसेल तर फुली मार.”

पाऊस : आम्ही नमुने पावसाआधी आणि पावसानंतर घेतले होते. खूण. विहीर : खूण. नायट्रेट : खूण. बाळ : आम्ही एकाही बाळाची तपासणी केली नव्हती. फुली. कवटी : आमच्या विहिरींच्या पाण्याने कुणी दगावल्याचे निबंधात कोठेही नव्हते. फुली. गोणी : खत किती टाकले हे आम्ही शेतकऱ्यांना विचारले होते, मोजले नव्हते. सरांनी तेथे प्रश्नचिन्ह काढायला लावले. शेवटी तो लाल बाण.

“बाण म्हणजे काय?” सरांनी विचारले.

मी म्हटले, “इकडून तिकडे जातं ते.”

“नुसतं तेवढंच नाही. वाचणारा बाण वाचतो तो ‘यामुळे’ असा. तुझं चित्र म्हणतं, युरियामुळे. निबंध म्हणतो, युरियामुळे असेल, गोठ्यामुळे असेल, दोन्हींमुळे असेल. यातलं खरं कोण?”

मी काहीच बोलले नाही. मग सरांनी उंबराच्या झाडावर बोट ठेवले. आमच्या निबंधात एकाही विहिरीच्या मालकाचे नाव नाही, विहिरींना नुसते क्रमांक आहेत. नमुने घेतानाच तसा शब्द दिलेला होता. नानांकडे मीच गेले होते आणि तो शब्द मीच दिला होता. “घे की पाणी, त्याला काय इचारायचं,” असे म्हणून त्यांनी स्वतः पोहरा सोडून मला बाटली भरून दिली होती. तो शब्द माझ्या चित्राने मोडला असता. नाव न लिहिताही, पंचक्रोशीतल्या कुणालाही ओळखता येईल अशा रीतीने मी त्यांना बाळ आजारी पाडणारा माणूस ठरवले होते. आणि ते चित्र जगभर जाणार होते. (या लेखात मी झाड आणि नाते, दोन्ही बदलून लिहिली आहेत. एकदा झाले ते पुरे.)

परतताना एस. टी.त माझ्या ध्यानात आले : अण्णांनी चित्र चुकीचे वाचले नव्हते. मी जे काढले होते तेच त्यांनी वाचले होते, अगदी अक्षरन् अक्षर. सरांनी पेन्सिलीने काढलेली प्रत्येक चूक त्यांनी आदल्या आठवड्यात तोंडाने सांगितली होती. फक्त मी ती ऐकली नव्हती.

घरी हे सारे सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, “आमच्या कामात तसंच हाय. पाया खणायच्या आधी आम्ही फक्कीनं आखतो. प्लॅनमधी नसलेली खोली मी फक्कीनं आखली, तर गडी तिथं खणणारच. त्याला काय ठावं, ही नुसती हौसंनं मारलेली रेघ हाय!”

एखाद्या पाठ्यपुस्तकात हे इतक्या थोडक्यात सांगितलेले असेल असे मला वाटत नाही.

घागरी, रंग आणि अक्षरे

मग मी नव्याने सुरुवात केली. सरांच्या सांगण्यावरून चित्राआधी एक वाक्य लिहिले : ‘पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत नायट्रेट वाढते, ते कोठून येते हे अजून ठरलेले नाही.’ चित्रात जे येईल ते या वाक्यासाठी यावे, आणि या वाक्याबाहेरचे काही येऊ नये, असा नियम केला. पुढची कामे त्यामुळे सोपी झाली. त्यांतली काही येथे देते.

पहिली गोष्ट प्रमाणाची. वाढ दाखवायला मी एक लहान आणि एक मोठी घागर काढणार होते. समजा, प्रमाण दुप्पट झाले म्हणून घागर दुप्पट उंच काढली. ती घागरीसारखी दिसायला हवी तर दुप्पट रुंदही काढावी लागते. मग कागदावर ती चौपट जागा व्यापते. आणि खरी घागर म्हणून तिच्याकडे पाहिले तर तिच्यात आठपट पाणी मावेल! दुप्पट सांगायला जावे आणि डोळ्याला चौपट-आठपट दिसावे, ही सरळ फसवणूक झाली. यावर व्हिएन्नाच्या ओटो नॉयराट यांनी शंभर वर्षांपूर्वी साधा उपाय काढला. १९२५ साली त्यांनी तेथे सामान्य माणसाला समाज आणि अर्थकारण चित्रांतून समजावे म्हणून एक संग्रहालय उभारले. त्यांचा नियम असा, की संख्या मोठी म्हणून चिन्ह मोठे काढायचे नाही. तेच चिन्ह तेवढ्याच आकाराचे, अधिक वेळा काढायचे. मी तसेच केले. एकाच मापाचे ठिपके काढले. उन्हाळ्याच्या विहिरीत थोडे, पावसानंतरच्या विहिरीत त्याच प्रमाणात जास्त.

दुसरी गोष्ट रंगाची. मला लाल आणि हिरवा हे रंग घ्यायचे होते. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक. पण लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे पुष्कळ असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ती सुमारे बारांत एक आढळतात. अणुसिद्धान्ताचे जॉन डाल्टन त्यांपैकीच एक. स्वतःच्या या दोषावर त्यांनी १७९४ साली निबंध वाचला होता. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी अशा डोळ्यांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग निवडून दिले आहेत. त्यांतला निळा आणि नारिंगी मी घेतला. परीक्षा म्हणून चित्र झेरॉक्सच्या दुकानात नेऊन काळ्या-पांढऱ्यात प्रत काढली. लाल-हिरव्या जुन्या चित्रात दोन्ही रंग एकाच करड्या छटेचे झाले होते, कोणता कोणता ते मलाच कळेना. नव्या चित्रात निळा गडद आणि नारिंगी फिका ठेवला होता, म्हणून फरक टिकला. ही परीक्षा कुणालाही करता येईल, आणि खर्च चहापेक्षा कमी.

तिसरी गोष्ट अक्षरांची. येथे मी पुन्हा फसले. कॉलेजच्या संगणकावर ‘इंकस्केप’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत चित्र काढताना ते पडदाभर दिसत होते, त्यामुळे अक्षरे छान वाटत होती. ठरलेल्या मापात छापल्यावर मुंगीच्या पावलांसारखी झाली! तेव्हा चित्र आधी १३ सेंटिमीटर रुंद छापावे, हातभर अंतरावर धरावे, आणि जे वाचता येणार नाही ते अक्षर मोठे करावे किंवा काढून टाकावे. मी बहुतेक काढूनच टाकले. माझ्या चित्रात शेवटी मोजून चौदा शब्द उरले.

चौथी गोष्ट उसन्या चित्रांची. इंटरनेटवर दिसलेले ढगाचे किंवा गाईचे चित्र उचलून चिकटवता येत नाही. ते कुणाचे तरी असते आणि त्याची परवानगी लागते. त्यापेक्षा आपले वाकडेतिकडे बरे. मैत्रिणीने सुचवले म्हणून मी मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही चित्र मागवून पाहिले. आले ते देखणे होते, पण त्यातली विहीर परदेशी गोष्टींतल्यासारखी छप्पर आणि बादलीवाली, आणि अक्षरे कोणत्याच भाषेतली नाहीत. सरांनी मग फेब्रुवारी २०२४ मधला प्रकार सांगितला. एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात अशाच यंत्राने काढलेले उंदराचे चित्र छापले गेले होते. अवयव अशक्य आणि नावे निरर्थक. काही दिवसांतच तो निबंध मागे घ्यावा लागला. अनेक प्रकाशनसंस्था अशी चित्रे आता स्वीकारत नाहीत. पाठवण्याआधी नियम वाचावेत हेच बरे.

दुसरे चित्र

आता चित्र असे आहे. ते डावीकडून उजवीकडे वाचायचे. डावीकडे जमिनीचा उभा छेद आणि त्यात एक साधी गोल विहीर, कुणाचीही असू शकेल अशी; वर सूर्य, पाण्यात थोडे नारिंगी ठिपके. मध्ये पावसाच्या निळ्या तिरप्या रेषा. उजवीकडे तोच छेद, तीच विहीर, पाणी वर आलेले आणि ठिपके वाढलेले. त्या विहिरीच्या दोन बाजूंना दोन लहान चिन्हे, उसाचे कांडे आणि गाय. दोन्हींपासून विहिरीकडे तुटक रेषा गेल्या आहेत आणि प्रत्येक रेषेवर एक प्रश्नचिन्ह आहे. जाड बाण एकही नाही.

त्या प्रश्नचिन्हांविषयी मी सरांशी वाद घातला. एवढा खटाटोप करून शेवटी ‘ठाऊक नाही’ असेच सांगायचे का? सर म्हणाले, “जे ठाऊक नाही ते कुठं आहे, हे दाखवलंस. पुढचा अभ्यास करणारा तिथूनच सुरुवात करील.”

नवे चित्र अण्णांना दाखवले. त्यांनी पुन्हा दिव्याखाली नेले. म्हणाले, “पावसाआधी कमी, पावसानंतर जास्ती. उसानं का गुरांनी, ते अजून कळंना. असंच ना?”

असेच होते. इंग्रजी एक अक्षर न वाचता त्यांनी निबंध सांगितला.

मग त्यांनी तो जुना प्रश्न पुन्हा विचारला. “आन् पाणी उकळून प्यालं तर?”

या वेळी मी उत्तर शोधून ठेवले होते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. अण्णांना जे सगळ्यांत आधी सुचले तेच आमच्या वाडीत प्रत्येकाला सुचणार होते. ही गोष्ट मात्र आमच्या चित्रात नव्हती, आणि तेथे तिला जागाही नव्हती, कारण ती आमच्या अभ्यासाने शोधलेली नव्हती. ती आधीपासून माहीत असलेली आहे; फक्त आमच्या वाडीला माहीत नव्हती.

तेव्हा मी तिसरे चित्र काढले. ते कोणत्याही नियतकालिकासाठी नव्हते, आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीसाठी होते. त्याला पाच आणि तेरा सेंटिमीटरची अट नव्हती. मुख्याध्यापकांनी आख्खी भिंत दिली आणि अण्णांनी ती घासून चुना लावून दिला. त्यात कवटी नाही, नाव नाही, कुणाची विहीर नाही. तीनच गोष्टी आहेत : चुलीवरचे पातेले आणि त्यावर फुली, बाळासाठी तपासलेल्या पाण्याचीच वाटी, आणि पाणी तपासायला द्यायची बाटली.

निबंध सध्या परीक्षकांकडे आहे. तो स्वीकारला जाईल की परत येईल, हे हा अंक छापून होईपर्यंत कळेलसे वाटत नाही. सरांनी मात्र त्याची वाट न पाहता प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीच्या पाण्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. नानांना वाचता येत नाही. त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि मी वाचून दाखवली. त्यात काय होते ते येथे लिहीत नाही. ती त्यांची चिठ्ठी आहे.

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)